चव्वेचाळीस आणि अठरा

सायकल घ्यावयास गेलेल्या माणसाला आपल्याकडचा दुकानदार एकच आकडा विचारतो : बावीस की चोवीस? हा आकडा सांगाड्याच्या उंचीचा, इंचांत. गिऱ्हाईक दांडीवरून टांग टाकून पाहते, पाय जमिनीला टेकतात की नाही याची खात्री करून घेते, मग घंटी कोणती, कॅरियर कसले, चेनकव्हर पुरे की अर्धे याची घासाघीस होते आणि सायकल घरी येते. पुढच्या दातेरी चक्राला, म्हणजे चेनव्हीलला दाते किती आणि मागच्या फ्रीव्हीलला किती, असे विचारणारे गिऱ्हाईक निदान मी तरी पाहिलेले नाही. पुढची दहावीस वर्षे त्या माणसाच्या गुडघ्यांना काय सोसावे लागेल हे मात्र बावीस-चोविसाने ठरत नाही. ते या न विचारलेल्या दोन आकड्यांनी ठरते. माझ्या सायकलीचे दाते मी खडूची खूण करून मोजले. पुढे ४४, मागे १८. शेजारच्या दोघांच्या सायकलींचे मोजले. तेच.

हे ४४ आणि १८ आमच्या कैनाडात कोणी ठरविले, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. कैनाड डहाणू तालुक्यातले. डहाणू रोड स्टेशन, बाजार, कचेऱ्या हे सारे समुद्राकाठच्या सपाटीवर. तेथून पूर्वेकडे निघाले की जमीन हळूहळू उंचसखल होऊ लागते. घाट म्हणावा असा चढ येथे नाही. घाट पाहावयाचा तर जव्हारच्या वाटेला लागावे. पण लहान लहान चढ पुष्कळ आहेत, आणि चढाइतकाच त्रास देणारी दुसरी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात. ते ज्याला प्रत्यक्ष समजून घ्यावयाचे असतील त्याने उन्हाळ्यात दुपारी चार वाजता सायकलीवरून पश्चिमेकडे, डहाणूकडे निघावे. सपाट रस्ताही चढासारखा वाटू लागतो. चढ निदान डोळ्यांना दिसतो आणि संपतो. वारा समुद्र दिसेपर्यंत संपत नाही.

आता थोडे मागे जाऊ. सायकलीचा मूळ पुरुष १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने बनविला. त्याला पायडल नव्हते. बसून पायांनी जमीन मागे रेटावयाची. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल बसले. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरावयाचे. म्हणजे अधिक पळावयाचे तर चाक मोठे करणे एवढाच मार्ग. म्हणून १८७० च्या सुमारास ती प्रसिद्ध उंच सायकल निघाली. पुढे पुरुषभर उंचीचे चाक, मागे ताटाएवढे. आज तिचे चित्र पाहून आपण हसतो. परंतु त्या बेढब वाहनात एक गुण होता, तो पुढे कोणत्याही सायकलीत राहिला नाही. चाक किती मोठे घ्यावयाचे हे बसणाऱ्याच्या टांगेवरून ठरे. लांब टांगांच्या माणसाला साठ इंची, आखूड टांगांच्याला पन्नास इंची. शिंपी माप घेतो तसे माप घेऊन सायकल घ्यावयाची. गिअर ही वस्तू माणसाच्या शरीरावरून बेतली गेली ती तेवढी वीसएक वर्षे.

पुढे साखळी आली. हान्स रेनॉल्ड याने मँचेस्टरला १८८० साली आजच्या घडणीची रोलर साखळी बनविली आणि १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर सायकल बाजारात आणली. बसणाऱ्याचे पाय जमिनीजवळ आले, पडून डोके फुटण्याचे भय कमी झाले, स्त्रियांना सायकल चालविता येऊ लागली. १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली. यांतून जे वाहन तयार झाले त्यात आजतागायत मूलभूत असा फरक पडलेला नाही. पण या साखळीने आणखी एक गोष्ट केली. टांगेचा आणि चाकाचा संबंध तिने तोडला. पायाच्या एका फेऱ्याला चाक किती फिरावे हे आता दात्यांवर अवलंबून राहिले, आणि दाते पाडणारा तो कारखानदार. निवड माणसाच्या अंगावरून उठली आणि कारखान्यात जाऊन बसली.

जुन्या हिशेबाची खूण तेवढी भाषेत राहिली. गिअर आजही इंचांत मोजतात : पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागावयाचे आणि चाकाच्या व्यासाने गुणावयाचे. माझ्या सायकलीचे चाक २८ इंची; ४४ भागिले १८ गुणिले २८, म्हणजे सुमारे ६८ इंच. याचा अर्थ असा की मी बसलो आहे २८ इंचांच्या चाकावर, पण पाय फिरवीत आहे ६८ इंच व्यासाचे उंच चाक. त्या उंच सायकलींच्या काळात ६८ इंची चाकावर ज्याचा पाय पोचेल असा माणूस शोधावाच लागला असता.

महाराष्ट्राशी सायकलीचा संबंध जडला तो फार लवकर, आणि एका मोठ्या माणसाच्या हातून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावला जे दुकान थाटले ते सायकलींचे. ते स्वतः मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. बेळगावला त्यांचे बंधू रामुअण्णा दुकान पाहत. पुढे १९०३ चा लोखंडी नांगर, १९१० ची किर्लोस्करवाडी हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे आणि तो येथे सांगण्याचे कारण नाही. मला त्यातली एकच गोष्ट लक्षणीय वाटते. पुढे ज्या घराण्याने नांगरासारखे अवजार येथल्या जमिनीसाठी येथेच घडविले, त्याच घराण्याच्या दुकानातली सायकल मात्र विलायतेहून येई. यात त्यांचा दोष कसला! दात्यांचे चक्र पाडणारे यंत्र त्या वेळी हिंदुस्थानात होते कोठे? आणि सायकल घेणारेही वकील, डॉक्टर, अंमलदार. सपाट कँपातल्या रस्त्यावरून संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्याला ६८ इंच काय, ७० इंच काय.

त्या काळी युरोपात मात्र या प्रश्नावर जोराचे वाद चालले होते. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावी पॉल द विव्ही नावाचा एक गृहस्थ होता. 'व्हेलोसियो' या टोपणनावाने तो लिही, स्वतःचे सायकलीवरचे मासिक चालवी. त्याचे म्हणणे असे की साधारण माणसाला डोंगरी मुलखातून हिंडावयाचे तर एका सायकलीला अनेक गिअर पाहिजेत आणि त्यांतला एक चांगला हलका पाहिजे. त्याने स्वतः तसल्या सायकली बनविल्या, त्यांवरून डोंगर पालथे घातले. शर्यतवाल्यांना हे मुळीच रुचले नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारे डिरेलर तिच्यात खुले झाले ते १९३७ साली. तोवर आल्प्सच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून, उलटे फिरवून दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवावयाची, आणि मग चढ चढावयाचा! पायांचा जोर हेच पौरुष आणि गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची काठी, ही समजूत. ही समजूत फ्रान्सातून केव्हाच गेली. डहाणूच्या दुकानांत ती अजून भेटते, हे पुढे येईलच.

इंग्रजांनी आपल्या पद्धतीने मध्यम मार्ग काढला. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याच्या फ्रँक बोडेन याने स्टर्मी आणि आर्चर या दोघांच्या नावाने १९०२-०३ च्या सुमारास तीन गिअरांचे हब काढले. सारी यंत्रणा मागच्या चाकाच्या पोटात, तेलात बुडालेली. बाहेरून धूळ नाही, चिखल नाही. १९३६ साली त्याचे जे रूप आले ते तर पिढ्यान्पिढ्या टिकले. मधला गिअर सरळ, खालचा पाव हिश्श्याने हलका, वरचा एक तृतीयांशाने जड. माझ्या ६८ इंचांच्या सायकलीला ते हब बसविले तर ५१, ६८ आणि ९१ असे तीन गिअर मिळतील. पावसाळ्यात लाल चिखलातून जाणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून योग्य वस्तू मला तरी सुचत नाही. पण आपल्या खेड्यांत ती आलीच नाही.

आले ते तिच्यावाचूनचे साधे रोडस्टर. स्वातंत्र्याच्या आसपास आपल्या देशात सायकलीचे कारखाने उभे राहिले : वरळीची हिंद सायकल, १९४९ साली बर्मिंगहॅमच्या सहकार्याने मद्रासेला निघालेली टी. आय., आसनसोलची सेन-रॅले, १९५१ साली सोनिपतची अ‍ॅटलास, १९५६ साली लुधियान्याची हीरो. या कारखान्यांचे उपकार थोडे नाहीत. परदेशी माल बंद झाला, सायकल स्वस्त झाली, दूधवाला, पोस्टमन, गिरणीतला कामगार, मास्तर सारे तिच्यावर बसले. १९८६ साली हीरो हा जगातला सर्वांत मोठा सायकल कारखाना ठरला. परंतु सांगाडा, चाके, हँडल हे जसे इंग्रजी रोडस्टरवरून उचलले तसा गिअरही त्याच घराण्यातला राहिला. इंग्लंडातला कारकून रिकाम्या हाती, डांबरी रस्त्यावरून कचेरीत जात असे. आपल्याकडे त्याच सायकलीच्या कॅरियरवर दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, तांदळाची गोणी, पुढच्या दांडीवर मूल आणि मागे बायको. सायकलीचे हे रूप पाहून कारखान्यांनी कॅरियर जाड केले, चिमटा दुहेरी केला, स्टँड भक्कम केले. ओझे वाहण्याची सारी तजवीज झाली. ओझे ओढण्याची मात्र झाली नाही.

आमच्या भागात सायकल आणखी उशिरा आली. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली शेतकऱ्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही असे तेथे ठरले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा. ज्यांच्या श्रमाचे पैसेच होत नव्हते त्यांच्या दारी सायकल कोठून असणार? वेठ गेली, रोख मजुरी हाती येऊ लागली, मुले शाळेत जाऊ लागली, तेव्हा कोठे या पाड्यांत सायकल दिसू लागली. येथे पहिली सायकल घेणाऱ्यांनी ती विकत घेतली तेव्हा दात्यांची संख्या ठरून पन्नाससाठ वर्षे उलटून गेली होती. त्यांना जे मिळाले ते सायकल म्हणजे अशीच असते असे समजून त्यांनी घेतले. चढ आला की उतरावे, हँडल धरून चालावे, माथ्यावर पुन्हा बसावे.

गेल्या वर्षी गावातल्या आठवीतल्या एका मुलीला शाळेच्या वाटेवर मी विचारले, की एवढ्याशा चढाला उतरतेस कशाला? ती म्हणाली, "सर, चढावर उतरायचंच असतं ना?" मला उत्तर सुचले नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शाळा दूर असल्यामुळे मुलीचे शिक्षण तुटू नये हा हेतू. हेतू उत्तमच. वाटेत मी एका मुलीच्या लेडीज सायकलीचे दाते मोजले; मागे १८ होतेच. तेरा वर्षांच्या मुलीला, पाठीवर दप्तर घेऊन, दांडगट दूधवाल्याचा गिअर! विलायतेत पूर्वी स्त्रियांनी पुरुषांपेक्षा हलका गिअर घ्यावा असा सल्ला देत. आपण दांडी तेवढी वाकविली आणि त्याला लेडीज सायकल म्हटले.

आता थोडे गणित मांडतो, कारण या विषयात गणितावाचून बोलणे म्हणजे हवेत बोलणे. माझ्या क्रँकची लांबी साडेसहा इंच. पायडलचा एक फेरा म्हणजे पावलाचा सुमारे एक मीटर चार सेंटिमीटरांचा प्रवास. तेवढ्यात ४४-१८ ची सायकल जाते सुमारे साडेपाच मीटर. पाऊल एक मीटर, सायकल सव्वापाच मीटर. म्हणून रस्ता आणि वारा मिळून सायकलीला जेवढे मागे ओढतात, त्याच्या सव्वापाच पट जोर पावलाने लावावा लागतो. फुकट काही मिळत नाही. मागे १८ ऐवजी २२ दाते घातले तर गिअर होतो बरोबर ५६ इंच, एका फेऱ्याला सायकल जाते साडेचार मीटरांच्या किंचित आत, आणि पावलावरचा भार जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरतो. बदल्यात पाय जरा लवकर फिरवावे लागतात. ताशी १२ किलोमीटर या वेगाने जाणाऱ्याचे मिनिटाला सदतीस फेरे होत असतील तर पंचेचाळीस होतील. पंचेचाळीस काही फार नव्हेत. मिनिटाला साठ फेरे माणूस सहज मारतो, आणि साठ फेऱ्यांत २२ दात्यांची सायकल ताशी १६ किलोमीटर जाते. याहून अधिक वेगाने कैनाडहून डहाणूला जाण्याची गरज कोणाला पडते? हळू फिरणारा पाय जड रेटतो आणि गुडघा बोलू लागतो. लवकर फिरणारा पाय हलके रेटतो. एवढेच त्याचे मर्म आहे.

हे सारे मनाशी ठरवून मी डहाणूला गेलो आणि बावीस दात्यांचे फ्रीव्हील मागितले. दुकानदार पन्नाशीचा, हात काळे, डोळे मिस्कील.

"गुरुजी, आपल्याकडे अठराच चालतं. बावीस कोण मागतो?"

"मी मागतो आहे ना भाऊ."

"मागवून देतो. पण सायकल पळणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मग म्हणाल, याने फसवलं."

सायकल पळणार नाही! टूर द फ्रान्सच्या चालकांचा १९३७ पूर्वीचा युक्तिवाद मी डहाणूच्या बाजारात ऐकत उभा होतो. पण त्या माणसाने शब्द पाळला. आठ दिवसांनी फ्रीव्हील आले. जुने काढावयास त्याला पाना, नळी आणि अंगाचा सारा भार लागला, कारण चालविणाऱ्याचे पायच फ्रीव्हीलला रोज अधिकाधिक आवळीत असतात. चेनीला दोन कड्या वाढवाव्या लागल्या. सारे मिळून अर्धा तास. मोठे चक्र झिजतेही कमी, हे त्यानेच मला ऐकविले.

कोणी म्हणेल की या खटाटोपापेक्षा गिअरची सायकल का घेऊ नये? पोरे घेतातच. पुढे तीन चक्रे, मागे सात, एकूण एकवीस गिअर, असे छातीठोकपणे सांगतात. त्या एकविसांतले कित्येक एकमेकांची पुनरावृत्ती असतात, आणि अगदी हलके जे असतात त्यांची आमच्या रस्त्याला गरज नाही. बरे, स्वस्त सायकलीचा डिरेलर म्हणजे एका कानावर लोंबणारा नाजूक पत्रा. बसच्या टपावर सायकल आडवी टाकली की तो वाकतो, वाकला की साखळी आऱ्यांत जाते, आणि मग एकवीस गिअरांची सायकल एकाच गिअरवर, बहुधा नको त्याच गिअरवर, चालू राहते. चांगल्या प्रतीचे सामान असेल आणि दुरुस्त करणारा जवळ असेल तर गोष्ट निराळी. पुण्यामुंबईच्या माणसाने ते खुशाल घ्यावे.

क्रँकविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्या रोडस्टरची क्रँक आसाला कॉटरने, म्हणजे एका बाजूला तासलेल्या लोखंडी खिळीने धरलेली असते. युरोपात १९३३ सालीच स्ट्राँगलाइट कंपनीने कॉटरवाचूनची क्रँक काढली. आपल्याकडे महाग सायकलींना ती आली, साध्यांना कॉटरच राहिला. मला त्याचे फारसे दुःख नाही. कॉटर झिजला की प्रत्येक फेऱ्याला टक्कन बोलतो. हातोड्याचे दोन घाव घालून काढावा, नवा ठोकावा, नट आवळावा. कोणत्याही पाड्यावर हे होऊ शकते. नव्या पद्धतीची क्रँक सैल असताना चालविली तर तिचे चौकोनी भोकच बिघडते आणि मग क्रँकच फेकावी लागते. मात्र आवाज आल्याबरोबर कॉटर बदलावा. ढिला कॉटर आसाला खातो.

लांबीचा प्रश्न याहून अवघड आहे. दुकानात क्रँक मिळते ती साडेसहा इंची, क्वचित सात इंची. उंच माणसाला ती ठीक. पण ज्या मुलीची टांग आखूड आहे तिचा गुडघा प्रत्येक फेऱ्याला पोटाशी येतो, आणि सीट खाली घ्यावी तर आणखीच येतो. तिला सहा इंची, किंबहुना त्याहूनही आखूड क्रँक हवी. आखूड क्रँकला जोर मात्र अधिक लागतो, म्हणजे तिच्या मागे बावीस दाते असावेत हे दुप्पट खरे. क्रँक लहान करणे डहाणूत शक्य झाले नाही. लहान मुलांच्या सायकलीची घ्यावी तर तिचे चेनव्हील भलतेच निघते. फ्रीव्हील मात्र शक्य झाले.

दुकानदाराने माझ्याबरोबर बावीस दात्यांची आणखी तीन मागवून ठेवली होती, एकट्याचे मागविणे परवडत नाही म्हणून. एक गावातल्या दूधवाल्याने नेले. एक त्या आठवीतल्या मुलीच्या सायकलीला बसले; तिच्या वडिलांनी आधी माझी सायकल पाड्यापर्यंत चालवून पाहिली आणि मगच होकार दिला. तिसरे दुकानात खिळ्याला टांगलेले आहे.